बोडीचं पाणी विहिरीत

विहिरीत शिंगाड्याचं पान तरंगत होतं.

पान उडून येऊ शकते, मले मान्य. पण शिंगाडा होते बोडीत, म्हंजे गावच्या तळ्यात. भुरसाटोल्याची बोडी विहिरीपासून दोनशे पावलं दूर. अन् शिंगाड्याचं पान काही पळसाच्या पानासारखं उडत नाही, ते वेलाले धरून पाण्यावर चिकटून राह्यते.

मी पट्टी खाली सोडली. पोलादी पट्टी असते आमची. तिच्या टोकाले खडू फासायचा, खाली सोडायची, वर ओढायची, अन् खडू कुठवर ओला झाला ते पाहायचं. कठड्यापासून पाणी किती खोल आहे ते कळते. तीन मीटर पंधरा.

पुन्हा सोडली. तीन पंधरा.

हीच विहीर मे महिन्यात नऊ ऐंशीवर होती. म्हंजे बरसातीत पाणी साडेसहा मीटर वर चढलं? आदल्या तीन दिवसांत मी लालबर्र्याच्या आजूबाजूच्या अकरा विहिरी मोजल्या होत्या. एकही दीड मीटरच्या वर चढली नव्हती. मग हीच कोण मोठी लाडाची लागून गेली?

पट्टीचं ओलं टोक मी नाकाजवळ नेलं. म्हशी बसतात त्या चिखलाचा वास.

असा राग आला का पट्टीच फेकून द्यावी. पण पट्टी सरकारी होती.

राग काहून आला ते सांगतो. हे सन शहाऐंशीचं. मी बालाघाटले एका दफ्तरात रोजंदारीवर होतो. लोक त्याले पाणीवालं दफ्तर म्हणत. मॅट्रिक नापास, पण दोन बोटांनी टाईप करायचं शिकलो होतो, म्हणून चिठ्ठ्या टाईप करायचं काम माझं, अन् वर्षातून चार वेळा सायकल घेऊन विहिरी मोजायचं कामही माझं. त्या वर्षी लालबर्रा तहसीलमध्ये बोअर खोदायची मशीन येणार होती. तीन गावांत बोअर, त्यावर हातपंप. गाव कोणतं, ते विहिरीवरून ठरणार. मे ते नोव्हेंबर ज्या विहिरीचं पाणी दोन मीटरपेक्षा कमी चढलं, त्या गावाचं नाव यादीत. यादी महिन्याअखेर जाणार होती. माझ्या डोक्शात पहिलं नाव भुरसाटोल्याचं होतं, कारण मार्चपासून तिथं विहिरीत चिखल उरते अन् बाया दीड कोस चालून नाल्याच्या रेतीत झिरा खोदून पाणी आणतात. वाटीवाटीनं. मी पाह्यलं आहे.

अन् त्याच गावची विहीर आता तीन पंधरा.

गोदाकाकी विहिरीजवळ उभी होती. तेजराम पटेलाची, म्हंजे गावच्या पाटलाची, बायको. डोक्यावर दोन हांडे, दोन्ही रिकामे.

"काकी, पानी नाई भरत?"

"तुमचं मोजनं झालं का बाबू? मंग भरतो. दोन दिवसापासून पटेलानं रशी काढून ठेवली. कोनी हात लावायचा नाई म्हने."

"इंजन कवा लावलं?"

"कोनतं इंजन?"

"ज्याच्या पाइपाची लकीर गवतात दिसून राह्यली ना, थे."

काकीनं बोडीकडं पाह्यलं, गवताकडं पाह्यलं, अन् तोंडाले पदर लावून हसली. "मी काई नाई सांगतलं बरं!"

इतक्यात पटेल आलाच. पन्नाशी उलटलेला माणूस, खांद्यावर दुपट्टा, चाल अशी का जणू पोराचा निकाल लागणार आहे.

"किती आला जी नंबर?"

"तीन पंधरा."

"आता कसं! लिहा मंग भितीवर. अन् मोठ्या अक्षरात लिहा. मागच्या बारीले लहान लिहलं होतं, पाव्हण्याच्या बुढ्याले दिसलंच नाई."

भितीवर लिहायची गोठ अशी, का ती माझीच अक्कल होती. दोन वर्षांपूर्वी मले वाटलं, आपण पाणी मोजतो, रजिस्टरात लिहितो, रजिस्टर कपाटात जाते, गावाले काहीच कळत नाही. म्हणून मी प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर पांढऱ्या रंगानं तारीख अन् आकडा लिहायले लागलो. कोणी सांगतलं नव्हतं. बाकी गावांत त्याच्यावर बकऱ्या अंग घासत. भुरसाटोल्यात लोक वाचायले लागले. मले आनंदच झाला होता, खोटं काहून बोलू.

आता पटेलानं पुढचं सांगतलं तेव्हा कळलं, वाचत कोण होतं ते.

"आमच्या पोराले, प्रेमलालले, पोट्टी पाहाले गेलो तं पयले इचारतात, पानी कसं हाय गावात? आपली पोट्टी देतानी सारेच पाह्यतात, त्यात काई गैर नाई. मी म्हनत जाओ, हाय ना जी, भरपूर हाय. मंग थे पाव्हणे आले जानेवारीत. शाळेच्या मास्तरनं त्यायले वाचून दाखवलं. आठ चाळीस. म्हने, अठरा-वीस हात खोल पानी. चहा बी नाई पेले बाबू. दुसरे आले, थेही गेले. दोन सोयरिकी तुमच्या ब्रशानं मोडल्या."

"म्हून तुमी बोडीचं पानी इहिरीत घातलं?"

"तुमचं कारड आलं ना, अठरा तारखेले येतो म्हून."

कार्ड मीच टाईप केलं होतं. ठोकून ठोकून.

"पटेलजी, अजी मशीन येऊन राह्यली बोअरची. ज्याची इहीर कोरडी त्यालेच भेटन. तुमी इहीर भरून बसले!"

पटेल माझ्याकडं असं पाहू लागला का जणू मीच येडा. "कोरडीले कोन देते? बँकवाले बैलाचं लोन कोनाले देतात? ज्याच्या घरी पयलेच दोन जोड्या हाय त्याले. ज्याची इहीर साजरी, त्याच्याच गावात मशीन आनन सरकार. सुकल्या जागी पैसा कोन घालन?"

त्याच्या बोलण्यात काहीच चूक दिसत नव्हती. आजवर त्यानं जे पाह्यलं त्याच हिशोबानं तो बोलत होता.

"अन् बाबू," तो म्हणाला, "पानी तं यंदा भरून आलं. बांध फुटले, बोडी फुटता फुटता वाचली. इहिरीत नाई उतरलं तो इहिरीचा दोष. मी थोडा हात देल्ला."

ही बोडी फुटता फुटता वाचल्याची गोठ त्या महिन्यात मी शंभर जणांकडून ऐकली असन. पाऊस भरपूर झाला, पाऊस भरपूर झाला. मी तिथंच कठड्यावर बसलो अन् त्याले सांगायले लागलो. तहसीलच्या पाऊसमापकाचे रोजचे आकडे माझ्याजवळ उतरवलेले होते, कोणी मागतले नव्हते तरी. अठ्ठावन्न इंच पाऊस. पण त्यातला चोवीस इंच पाच दिवसांत. चार सप्टेंबरनंतर एक थेंब नाही. अगोदर सत्तर-ऐंशी दिवस झिमझिम राह्यत होती, यंदा मोजून एकोणचाळीस दिवस.

"घरी राकेल कशानं भरता शिशीत?"

"नरसाळ्यानं."

"पिपा उलटा केला नरसाळ्यावर तं?"

"सांडन."

"तेच झालं. जमिनीचं तोंड नरसाळ्यावानी हाय. हळू हळू घालान तं खाली जाईन. एकदम वतलं तं नाल्यात. अन् वरून आपल्या बांध्या, धानाची वावरं. धान लावायच्या पयले चिखल काहून करता तुमी?"

"पानी खाली जाऊ नाई म्हून."

"मंग? साऱ्या शिवारात पानी खाली जाऊ नाई म्हून बंदोबस्त केला, अन् वरून पडलं ते पाच दिवसात वैनगंगेत गेलं. इहिरीत कोठून येईन?"

पटेल वाकून विहिरीत पाहू लागला. मले वाटलं, समजलं.

"बोलता साजरं," तो म्हणाला. "मंग लिहून राह्यले का नाई?"

मी नाही लिहिलं. प्रेमलालनं चुना आणला अन् माझ्यादेखत त्यानंच लिहिलं. ३.१५. हातभर उंच अक्षर.

दुसऱ्या दिवशी मी देव साहेबांपुढं उभा राह्यलो. मधुकर देव, आमचे साहेब, बालाघाटचे जुने घर, बोलणं एकदम पुस्तकातलं. मी सारं सांगतलं, पानासकट.

"पण तू आकडा नोंदवलास ना?"

"हौ साहेब. पट्टी जे दाखवन ते लिहाच लागते."

"मग झालं. नोंदलेला आकडा खोडता येत नाही, नीळकंठ."

खरं सांगायचं तं रस्त्यात मले वाटून गेलतं, का आठ साठ लिहून टाकू. कोण पाहते? पण मी दोन वर्षांपासून साऱ्या दफ्तराले सांगत फिरत होतो, का मी मोजतो ते खरं मोजतो. तेवढीच एक गोठ होती माझ्याजवळ.

"अन् हे बघ," साहेब म्हणाले, "सरासरी पंचावन्न इंच, यंदा अठ्ठावन्न. पाऊस समाधानकारक, असं आपण वर कळवलेलं आहे. पाणी मुरलंच असणार थोडंफार."

"नाई मुरलं साहेब. अकरा इहिरी पाह्यल्या मी."

"मग गेलं कुठं?"

"नदीत."

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना फाईल बंद झालेली आवडत असे. "एक मार्ग आहे. पंचनामा आण. विहिरीत बाहेरचं पाणी टाकलं होतं, असं गावातल्या पाच जणांनी लिहून द्यायचं. पहिली सही पटेलाची. मग आजूबाजूच्या विहिरींचा आकडा धरता येईल. तीस तारखेला रविवार आहे, यादी शनिवारी दुपारी जाईल."

पंचनामा मी तिथंच बसून टाईप केला. तीन वेळा चुकला.

चोवीस तारखेले पुन्हा भुरसाटोला. बस लालबर्र्यापर्यंत, सायकल टपावर, पुढं सायकलनं. पटेलानं कागद हातात घेतला, उलटा सुलटा केला.

"सही देतो. पन अठ्ठावीसले पाव्हणे येऊन राह्यले, वारासिवनीकडचे. पक्कं होऊन जाऊ द्या. मंग पाच काहून, पन्नास सह्या घ्या."

"पटेलजी, यादी एकोणतीसले जाते. मले कागद पोहचवा लागते."

"तं अठ्ठावीसच्या संध्याकाळी घ्या."

"अन् पाव्हण्यायनं मुक्काम केला तं?"

"मंग मशीनले सांगा, थांब म्हना एक दिवस. मशीनले काय लगन करायचं हाय?"

माणसं हसली. मले हसू नाही आलं. मी काकीकडं वळलो, म्हटलं, ही तं बाई आहे, हिलेच पाणी आणा लागते. "काकी, तुमी सांगा ना. बोअर झाली तं दीड कोस वाचन."

काकी तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मले मालूम नाई का बाबू? माही मान पाह्य, हांड्यानं बसून गेली. सून आली तं एक हांडा तिच्या डोक्यावर जाईन. बोअर आली तं दोन्ही जाईन. पन बोअर सरकारची हाय, येईन नाई येईन. सून माही राहीन."

मी उठलो. पटेलाजवळून कागद घेतला अन् सायकल काढली.

अठ्ठावीसले मी दुपारीच जाऊन बसलो. एका कोपऱ्यात बसतो, कोणाशी बोलत नाही, कागद खिशात आहे, पाहुणे गेले का सह्या घेतो, असं पटेलाले सांगून ठेवलं. पाहुणे आले चार जण. पोरीचा बाप पुनाराम. काळा, सडपातळ, राइस मिलमध्ये तोलाईवर होता. दिवसभर काट्यावरचे आकडे वाचणारा माणूस. चिवडा आला, चहा आला. सारं बरं चाललं होतं. मग पुनाराम म्हणाला, जरा गाव पाहून येऊ.

गाव म्हंजे विहीर. सारे निघाले. मीही मागं गेलो, जायले नको होतं.

चुन्याचा आकडा दुरूनच दिसत होता. पुनाराम कठड्यावर वाकला, आत पाह्यलं, आकडा पाह्यला.

"हे कोन लिहते?"

"सरकार लिहते," पटेल म्हणाला अन् दुपट्ट्यानं माझ्याकडं दाखवलं. "हे काय, पानीवाले बाबू इथंच हायेत."

मले वाटते, इथंच पटेल चुकला. त्याले माझा मान करायचा होता.

"नंबर खरा हाय का बाबू?"

मी खोटं बोलायले तयार होतो, लपवत नाही. शब्दही खोटा नव्हता. पट्टीनं तेवढंच दाखवलं होतं. "हौ जी," मी म्हटलं. "तीन पंधरा. अठरा तारखेचा."

"अन् उन्हाळ्यात?"

"मे महिन्यात नऊ ऐंशी."

पुनाराम पुटपुटला. वजाबाकी करत होता. काट्यावर बसणाऱ्या माणसाले वजाबाकी किती वेळ लागते?

"साडेसा मीटर चढलं? आमची इहीर पावसाळाभरात तीन हात नाई चढली. पाऊस तं एकच पडला बाबू. तुमच्याकडं कोनता येगळा पडला?"

पटेलाकडं मी पाह्यलंच नाही. प्रेमलाल मागं उभा होता, नवीन पँट घालून, त्याच्या हाताच्या नखात अजून चुना होता. मी काहीतरी बोललो असतो, का जमिनीत फरक राह्यते, मुरुम राह्यते, कुठं पाणी जास्त मुरते. हे सारं मले येते. अन् हे सारं खरंही असते कुठं कुठं. पण हा माणूस तेच बोलून राह्यला होता जे मी महिनाभरापासून साऱ्यायले ओरडून सांगत होतो अन् कोणी ऐकत नव्हतं. पहिला माणूस भेटला. अन् त्यालेच खोटं सांगू?

"बोडीचं पानी हाय थे," मी म्हटलं. "इंजन लावून घातलं."

पुनारामनं मान हलवली.

"पटेल, पानी नाई म्हून मी उठत नाई. पानी माह्या घरीही नाई. पन तुमी भरून दाखवलं म्हून उठतो. आज इहीर भरून दाखवली, उद्या पोराचं काय काय भरून दाखवान?"

ते गेले. बैलगाडी रस्त्याले लागली. मग पटेल माझ्याजवळ आला. मले वाटलं, मारते.

"आन तुहा कागद."

आजवर तो मले तुमी म्हणत होता.

"पटेलजी, मी..."

"आन म्हनतो ना! आता काय राह्यलं लपवाले? वारासिवनीच्या बजारात उद्या सारे हासतीन. तुह्या दफ्तरानंच काहून मांगं राहाव?" त्यानं पेन घेतला अन् विहिरीच्या कठड्यावरच कागद ठेवून सही केली. इतकी दाबून का कागदाले भोक पडलं. "घे. पोट्टी नेली, आता इज्जतही ने खिशात घालून."

बाकी चौघांनी त्याचं तोंड पाहून सह्या केल्या. गोदाकाकीनं रशी बांधली अन् हांडा आत सोडला.

शनिवारी सकाळी दफ्तर उघडायच्या अगोदर मी पायरीवर बसून होतो. पंचनामा लावायचा तं त्याच्यासोबत एक चिठ्ठी लागते. ती मी टाईप केली. अन् एकदा हात चालायले लागला तं थांबलाच नाही. सारं लिहिलं. पाच दिवसांत चोवीस इंच, सप्टेंबर कोरडा, एकोणचाळीस दिवस, अकराही विहिरींचे आकडे. पाऊस किती पडला हे पाहून उपयोग नाही, कसा पडला ते पाहा लागते, हेही लिहिलं. दीड पान झालं. माझ्या जिंदगीतलं सर्वात चांगलं टायपिंग, एकही अक्षर चुकलं नाही.

देव साहेबांनी वाचलं. सारं वाचलं, तेवढं मी म्हणतो त्यांच्या बाजूनं. मग लाल पेन्सिल घेतली अन् मधला सारा मजकूर एका रेघेनं कापला.

"साहेब!"

"नीळकंठ, आपण पाऊस समाधानकारक म्हणून कळवलंय. आता नाही कसं म्हणायचं? कारण एकच पुरे. ग्रामस्थांनी विहिरीत बाहेरील पाणी टाकल्याने मूळ नोंद रद्द. गावाचं काम होतंय ना? मग?"

"पन कारन ते नाई साहेब. त्यायनं पानी नसतं टाकलं तरी..."

"पुन्हा टाईप कर. बारापर्यंत."

पुन्हा टाईप केलं. चार ओळी. यादीत भुरसाटोल्याचं नाव तिसरं आलं. कागदावर दोष गावाच्या लबाडीचा. पावसाचा काहीच दोष नाही, पाऊस समाधानकारक. पुढच्या वर्षी असाच पडला तं पुन्हा समाधानकारक, अन् कोणाले कळणार नाही का विहिरी काहून बसून राह्यल्या. माझं दीड पान मी घडी करून घरी नेलं. आई म्हणाली, काय आहे? मी म्हटलं, काही नाही.

सोमवारी भुरसाटोल्याले जाऊन सांगणं भाग होतं. पटेल अंगणात खाट विणत होता.

"नाव आलं यादीत. मशीन फेब्रुवारीत येईन."

"बरं."

"जागा दाखवाले साहेब येतीन."

"येऊ दे."

मी सायकल वळवली. मागून आवाज आला.

"ए बाबू. थांब." तो सुतळी दातात धरून बोलत होता. "तू गावोगाव फिरतं ना इहिरी मोजत? आता तूच पाह्य पोट्टी. तीन सोयरिकी मोडल्या तुह्यापायी, एक तं जोडून दे. नाई तं बोअरच्या पान्यात पाय टाकू देनार नाई तुले."

मस्करी करतो का काय, पाहायले वळलो. मस्करी नव्हती.

तं तेव्हापासून माझं काम वाढलं. जानेवारीच्या फेरीत लामता गावाकडं होतो. तिथली विहीर मोजली, खडू पुसला, आकडा लिहिला. विहिरीचा मालक भैयालाल नावाचा, बरा माणूस दिसला. पानतंबाखू झाल्यावर मी हळूच विचारलं, तुमच्याकडं कोणी लग्नाची पोरगी आहे का? पोरगा चांगला आहे, सात एकर धानाचं वावर.

"हाय ना," भैयालाल म्हणाला. "माह्या साडूची. कोनतं गाव?"

"भुरसाटोला."

त्यानं तंबाखू थुंकला. माझ्या पट्टीकडं पाह्यलं.

"पानी कसं हाय जी तिथं?"

"आता नाई," मी म्हटलं. "फेब्रुवारीत येईन."

"येईन का?"

"मशीन येईन. पानी लागन का नाई ते नाई सांगत मी."